कौसा बसली तो हिवाळा

थंडी पडली की माझं डोकं तापतं.

मार्गशीर्ष लागतो. पहाटे हरभऱ्यावरचं आंबट दव फडक्यानं टिपून घेणाऱ्या बाया वावरात दिसू लागतात. शेकोटीच्या धुरात तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास मिसळतो. ज्वारीचे दाणे दुधात येतात आणि घरोघर हुरड्याच्या गोष्टी निघतात. शेजारची सून दारात येऊन म्हणते, "आजी, चाला ना हुरड्याले. गाडीत बसवून नेतो तुमाले." मी म्हणते, "जा माय तुम्ही." तिला वाटतं, म्हातारीचे दात गेले म्हणून येत नाही. दातांचं काही नाही. हुरड्याला बसलं की माणसं मोकळी होतात, जुन्या गोष्टी काढतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, तुम्ही त्या पोरीसाठी लय पुण्य केलं हो." मग माझ्या तोंडून काहीतरी जातं आणि सगळ्यांच्या हुरड्यात खडा लागतो. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला. इतर अकरा महिने तो कुठे पडून असतो कोण जाणे. हरभरा घाटे धरू लागला की उठतो.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. शाळेच्या भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून नवा लावला होता आणि मुली त्यात बुलढाणा शोधत बसायच्या. मी त्या शाळेत मास्तरीण होते. गाव आमचं लहान, जानेफळचा बाजार बैलगाडीच्या टप्प्यातला. कौसाचे बाबा, म्हणजे माझे मालक, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करायचे. वांगी, मिरची, मेथी, कोबी. आमचे दोन मुलगे शिकायला बाहेरगावी होते. आणि घरात होती कौसल्या. कौसा.

कौसाची जन्म देणारी आई आमच्याच वावरात निंदायला यायची. पोरीला बांधावरच्या बाभळीला झोळी करून टाकायची. पोर तीन वर्षांची झाली तरी मान धरत नव्हती, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, हात मनात नसताना कुठेही फेकले जायचे. एका पावसाळ्यात आई तापानं गेली. बाप कापूस वेचायला जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. गावातली चार शहाणी माणसं आमच्या ओट्यावर बसली आणि एखाद्या आश्रमात नेऊन सोडा म्हणाली. कौसाचे बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या वावरात वाढली ते. आता कोठी नेता तिले?" विषय तिथेच मिटला. आम्ही गावाला पेढे वाटून तिला दत्तक घेतलं आणि आमचं आडनाव लावलं.

यात पुण्य कुठे आलं? हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माझे दोन मुलगे मी वाढवले तेव्हा नाही कुणी पुण्य म्हणालं. कौसा काही माझ्या पुण्याचं गाठोडं नव्हती. ती एक लबाड पोरगी होती. दूध नको असलं की झोपल्याचं सोंग घ्यायची. घरात कुणाचं कुणाशी वाजलं हे बाबांना संध्याकाळी पहिल्यांदा तिच्याकडून कळायचं. बोलणं तिचं जड, शब्द ओढत ओढत यायचे, आणि 'क' तर उमटायचाच नाही. पण घरातल्या आम्हांला सगळं कळायचं. बाहेरचे म्हणायचे, "काय ओरडून राह्यली बिचारी?" मी म्हणायचे, "ओरडत नाही. तुमच्या धोतराले शेण लागलं म्हणून सांगून राह्यली."

आठ वर्षांची झाली आणि प्रश्न पडला तो बसण्याचा. ती बसू शकत नव्हती. भिंतीला टेकवलं की अंग लाकडासारखं ताठ करून सरकत सरकत खाली यायची. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांमध्ये चेपून बसवली तरी तेच. मग दिवसभर पाठीवर. घरातलं छत तिला पाठ होतं. कोणत्या वाशात भुंग्यानं भोक पाडलंय, कोणतं कवेलू सरकलंय, पाल अंडी कुठे घालते, सगळं तिला माहीत. माणसांचे चेहरे मात्र तिला खालूनच दिसायचे. एकदा मला म्हणाली, "माय, तुही हनुवटी मले पाठ हाय." मी हसले तेव्हा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली आणि हेडमास्तरांनी आनंदाची बातमी दिली. तालुक्याकडची काही दानशूर मंडळी येणार होती. कौसासाठी चाकाची खुर्ची आणणार होती. मला खरंच आनंद झाला. मी तिची वेणी घातली, शेवंतीचं फूल खोवलं, मोठ्या मुलाच्या सदऱ्यातून तिला नवं झंपर शिवलं.

शाळेच्या अंगणात केळीचे खांब, बॅटरीवरचा कर्णा, सतरंजी. आणि मधोमध ती खुर्ची. दवाखान्यात मोठ्या माणसांना ढकलत नेतात तसली. पांढरी, लोखंडी, पहिलवानानं बसावं एवढी रुंद. कौसाला तिच्यात ठेवलं तर ती बैलाच्या गव्हाणीत कोंबडी बसावी तशी दिसेना का, पण बसेचना. सरकून खाली आली. पुन्हा ठेवली, पुन्हा सरकली. फोटोवाला खोळंबला होता. कुणीतरी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या छातीवरून घेऊन पाठीमागे गाठ मारली. गाठ वर काखेत सरकली. कौसा ओरडू लागली, "नओ! नओ!"

पाहुणे कर्ण्यात बोलत होते, "या अभागी बालिकेच्या मुखावरचा आनंद पाहा. तिला शब्द नाहीत, पण तिचा हर्ष आपल्यापर्यंत पोहोचतो आहे."

टाळ्या पडल्या.

'नको' म्हणत होती माझी पोरगी. सगळ्या गावासमोर, जीव खाऊन 'नको' म्हणत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मी उठले, गाठ सोडली, तिला कडेवर घेतलं. आठ वर्षांचं ताठ अंग कडेवर राहत नाही, पण घेतलं. म्हणाले, "साहेब, ही खुर्ची वापस न्या. हे हिच्या मापाची नाही."

पाहुणे हसले. "अहो बाई, मोठी होईल तेव्हा येईल मापात."

अंगण हसलं. मग मी म्हणाले, "तुमचा पोरगा मोठा होईस्तोर तुमचे जोडे घालून फिरते का?"

कर्णा तेवढा घुंई करत होता.

हेडमास्तर मागून आले. "बाई, तुम्ही शाळेची इज्जत घालवली. वर कळवा लागन मले." मोठ्या जाऊबाई घरी येऊन म्हणाल्या, "ठेवून घ्याची होती व. कापसाचं गठुडं तरी वाह्यलं असतं तिच्यावर." गावात महिनाभर एकच बोलणं, मास्तरीण माजली. कौसाचे बाबा अंगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी कौसाला माझ्याकडून घेऊन खांद्यावर टाकलं आणि वाटेत एवढंच म्हणाले, "बरं झालं तू बोलली. म्या बोललो असतो तं हात उचलला असता."

देणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे पाहायचं नसतं, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकले. पाहायचं काम घेणाऱ्याचं, आणि पाहून गप्प बसायचं कामही त्याचंच. मला ते जमलं नाही. जमायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

तूर फुलांनी पिवळी झाली होती तेव्हा तिच्या मापाची खुर्ची मिळेल का विचारायला आम्ही तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. खामगावपर्यंत यष्टी, पुढे रेल्वे. यष्टीत कंडक्टर म्हणाला, "पेशंटले मांगं झोपवा." बाबा म्हणाले, "पेशंट नाही, पोरगी हाय," आणि सबंध वाट तिला मांडीवर धरून खिडकीकडे तोंड करून बसले. कपाशीची वावरं पांढरी झाली होती. ती पाहत होती आणि दर थोड्या वेळानं तिच्या मानेखालचा हात बदलत बाबा तिला विचारत होते, "दिसून राह्यलं ना?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर आडवं केलं. भोवती शिकणारी पोरं. डॉक्टर तिचा पाय उचलत, सोडत, पोरांशी इंग्रजीत बोलत. कौसाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शेवटी मराठीत म्हणाले, "खुर्चीचा काही उपयोग नाही. अशी मुलं बसत नसतात. झोपवून ठेवा, स्वच्छ ठेवा, प्रेम द्या."

कौसा बोलली. तिला वेळ लागला. मी सांगितलं, "ती म्हणते, मी झोपून झोपून थकली."

डॉक्टर हसले. दयाळू हसणं होतं ते. त्याचाच मला जास्त राग आहे. म्हणाले, "बाई, ती काही म्हणत नाही. आईला ऐकू येतं असं. तुम्हांला जे ऐकावंसं वाटतं ते तुम्ही ऐकता."

मी मास्तरीण होते, चाळीस पोरींचे चाळीस तऱ्हेचे उच्चार रोज ऐकत होते. आणि हा माणूस मला सांगत होता की माझ्या पोरीचं बोलणं मी रचते. कौसानं डोळे मिटून घेतले. दूध नको असताना मिटायची तसे नव्हे. वेगळे.

आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. तिथे हातापायांचे व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई जाता जाता थांबली. म्हणाली, "हिला मी जरा धरू का?" तिनं हे कौसाला विचारलं. कौसाकडे पाहून. मी त्या बाईचं नावही विचारायचं विसरले. तिनं कौसाला लहान स्टुलावर बसवलं. कंबर पार मागे दाबली, गुडघे वाकवले, पाय एका विटेवर टेकवले आणि कमरेला दोन्ही हातांनी पक्कं धरून ठेवलं. अंगातला तो लाकडी ताठपणा हळूहळू सुटला. आणि कौसाची मान वर आली.

वर आली आणि राहिली. डुगडुगत होती, पण राहिली. माझी पोरगी माझ्या समोर, माझ्या उंचीवर, मला पाहत होती. तिच्या आठ वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

"बसते ही," ती बाई म्हणाली. "कंबर बसली की मान बसेल. पण खुर्ची हिच्याच अंगाची पाहिजे. तशी इथे कुणी करत नाही."

इथे कुणी करत नाही. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या दवाखान्यात. परतीच्या सबंध वाटेत मी तेच वाक्य दातांखाली चावत होते.

मग आम्हीच करायला घेतली. रस्त्यावरच्या सायकल दुकानाचे जब्बारभाई लोखंडी काम करायला तयार झाले, कुरकुरत. लाकूडकाम बाबांनी घेतलं. वखर, पाभर असली शेतीची अवजारं घरीच करणारा माणूस, हात बसलेला होता. पहिली खुर्ची झाली ती पार बिघडली. जब्बारभाईंनी पाठ मागे कललेली केली होती, पोर पडू नये म्हणून. कौसा तिच्यात बसली आणि रडायलाच लागली. जब्बारभाई वैतागले. "बाई, इतनी मेहनत केली, आन् हे रडून राह्यली! काय पाह्यजे हिले?"

"तिलेच विचारा," मी म्हणाले.

त्यांनी मलाच विचारलं. मी कौसाकडे बोट केलं. शेवटी ते खाली बसले. "बोल व बेटी, काय पाह्यजे?"

कौसानं बराच वेळ घेतला. "आभाळ नओ," ती म्हणाली. "माणसं."

पाठ सरळ केली. मग ती पुन्हा सरकू लागली. दुसऱ्या खेपेला बैठक लांब झाली, तिसऱ्या खेपेला कमी. काळ्या जमिनीला थंडीत भेगा पडलेल्या, पुढचं लहान चाक त्यांत अडकायचं. मी चिडायचे, बाबा चिडायचे, जब्बारभाई तर चिडलेलेच असायचे. जाऊबाई दारातून म्हणायच्या, "फुकटची भेटत होती थे लाथाडली, आता बसा ठोकत." एका दुपारी आम्ही तिघं एकमेकांवर ओरडत होतो, कौसा मिरचीच्या वाफ्याच्या कडेला घोंगडीवर पडलेली. ती काहीतरी म्हणत होती. आम्हांला आमच्याच आवाजात ऐकू येत नव्हतं. ती एवढ्या जोरात ओरडली की विहिरीवरचे बैल थबकले.

"चिखल! मले चिखलात ठेवा!"

आम्हांला कळेना. तिनं मान वाफ्याकडे झटकली. नुकतंच पाणी सोडलेला ओला वाफा. बाबांनी तिला उचललं आणि वाफ्यात नेऊन टेकवलं. गार चिखल, पौषातला. ती दचकली, मग खिदळली. "दाब," म्हणाली. बाबांनी तिची कंबर दाबली. ती खाली रुतली, गुडघे आपसूक वर आले, मागून चिखल पाठीला भिडला. बाबांनी हात काढले.

ती बसली होती. कुणी धरलेलं नव्हतं. मिरचीच्या झाडांमध्ये, कमरेपर्यंत चिखलात, मान वर करून, आमच्या तिघांची तोंडं पाहत.

जब्बारभाई म्हणाले, "या अल्ला."

तिला उचललं तेव्हा चिखलात तिच्या अंगाचा खड्डा राहिला. डावी बाजू जास्त खोल, उजवी कमी, मध्ये मांड्यांना अलग ठेवणारा एक उंचवटा. तो खड्डा उन्हात कडक होईपर्यंत बाबांनी वाफ्याला पाणी दिलं नाही. चार मिरचीची झाडं वाळली. मग त्या खड्ड्यावरून त्यांनी बाभळीची बैठक कोरली, मी सरकी काढलेला कापूस भरून तिला अस्तर शिवलं, जब्बारभाईंनी सायकलची दोन चाकं मागे आणि एक रुंद लाकडी चाक पुढे बसवलं, पायाखाली फळी दिली. माघ निम्मा सरला तेव्हा खुर्ची झाली. दिसायला ओबडधोबड. कौसा तिच्यात बसली आणि सरकली नाही.

पुढे त्या खुर्चीवरून काय काय झालं ते सांगत बसले तर हा हिवाळा संपायचा नाही. शाळेच्या पायऱ्यांपुढे बाबांनी मुरमाची गाडी रिकामी करून उतार केला, हेडमास्तरांनी तो उपसून टाकला, बाबांनी पुन्हा टाकला, त्यांनी पुन्हा उपसला. शेवटी उपसणारे थकले. दोन पावसाळ्यांनी खुर्ची कौसाला लहान झाली, मग नवा चिखल, नवा खड्डा. आज ती माझ्यासारखीच पांढऱ्या केसांची आहे आणि तिची आताची खुर्ची तयार मिळालेली आहे. ती खुर्ची देणाऱ्यांनीही आधी माप घेतलं नव्हतं. आम्ही तीनदा परत पाठवली. या गोष्टी मी शांतपणे सांगू शकत नाही, म्हणून सांगत नाही.

पण बाजाराचं सांगते.

खुर्ची झाली त्या आठवड्यात मी तिला विचारलं, "कोठी जायचं पहिल्यांदा? शाळेत?" ती म्हणाली, "बाजारात." मी म्हणाले, देवळात जाऊ या आधी. "बाजारात," ती म्हणाली. तेव्हा बैलगाडीत खुर्ची चढवून आम्ही जानेफळला गेलो. बाबा स्वतःच्या भाजीची पाटी घेऊन त्यांच्या जागेवर बसले. मी कौसाला ढकलत ओळीतून निघाले. बोरांचे ढीग, गुळाच्या भेली, गाजरं, बांगडीवाल्या, धूळ, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. मान डुगडुगवत इकडून तिकडे नुसती पाहत होती. एका वांगीवाल्यापाशी तिनं मला थांबायला लावलं. घरी वांग्यांचे वाफे असलेली पोरगी दुसऱ्याची वांगी बघायला थांबली.

तेवढ्यात एक माणूस आला. बरा खातापिता, डोक्याला फेटा, पायांत करकरीत जोडा. कौसाकडे पाहून त्यानं "अरेरे" केलं, बंडीत हात घातला आणि तिच्या उताण्या पडलेल्या हातात एक नाणं ठेवलं. हाताला काही लागलं की तिची मूठ आपोआप आवळते. तशी ती आवळली. त्यानं देवापुढे लावावा तसा कपाळाला हात लावला आणि निघाला.

"बाबा," कौसा त्याला म्हणाली.

तो वळला. ती बोलली. त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडेच पाहतात. दर वेळी मी अर्थ सांगते. त्या दिवशी मी बोरांच्या ढिगाकडे पाहत राहिले.

ती पुन्हा बोलली. वांगीवाल्यानं तागडी खाली ठेवली. तो माणूस दोन पावलं जवळ आला, खाली वाकला, फेट्याखालचा कान तिच्या तोंडापाशी नेला. ती तिसऱ्यांदा बोलली, एकेक शब्द ओढून काढत.

"मी मांगाले नाही आली. वांगे घ्याले आली."

त्याचा चेहरा उतरला. वांगीवाला खो खो हसला, आजूबाजूचे दोघंतिघं वळून पाहू लागले. "माफ कर माय," तो माणूस पुटपुटला, "चुकलं माह्यं. दे वापस." आणि त्यानं हात पुढे केला.

कौसानं मूठ उघडायचा प्रयत्न केला. अशा वेळी ती जितकी उघडू पाहते तितकी आवळत जाते. अंगठ्याच्या बुडाशी हलकंसं दाबलं की बोटं लगेच सैल होतात. मला ते माहीत होतं. मी दिवसातून कितीदा तसं करत असे.

मी खुर्चीची मूठ धरून उभी राहिले. बाजारातून माणसं येत होती, जात होती, थांबून पाहत होती. कौसा घाई न करता आपली मूठ सोडवत होती, आणि तो फेटेवाला तिच्यासमोर हात पसरून उभा होता.